‘गॉड अँड मॅन ॲट येल’ : वाचनगटात दोन तास जुंपली

अमेरिकन लेखक विल्यम बकली यांचं हे पुस्तक १९५१ चं. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा. अमेरिकेतल्या ज्या येल विद्यापीठात शिकला, त्याच्यावरच त्यानं तोफ डागली: इथं धर्मश्रद्धा खिळखिळी केली जाते, अर्थशास्त्रात सरकारी नियंत्रणाची भलामण होते, तेव्हा काय शिकवायचं ते देणग्या देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवावं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनगटात बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “पैसा आपला, तर जाब विचारायचा हक्कही आपलाच.” फर्ग्युसनमध्ये शिकणारी माझी भाची उसळली, “म्हणजे देणगीदार बदलला की अभ्यासक्रम बदलायचा?”

मी भाचीच्या बाजूची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एकदा संस्थाचालकांच्या मर्जीखातर एक धडा घाईनं उरकावा लागला होता, ते अजून सलतं. पण बकलींचा लढण्याचा ढंग मला मनापासून आवडला. ते प्राध्यापकांची नावं घेतात, वर्गातली पाठ्यपुस्तकं उघडून दाखवतात; आडून वार नाही. पुस्तक आलं तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या मॅकजॉर्ज बंडी यांनी ‘अटलांटिक’ मासिकात त्यांना झोडपलं होतं. बंडीही येलचेच माजी विद्यार्थी!

अर्थशास्त्राचं प्रकरण मात्र रटाळ. माझी प्रत सध्या काकांकडे आहे, समासात त्यांनी पेन्सिलीनं बरंच लिहिलंय.