पॉलिगॉनचे मध्यबिंदू काढायचेत: क्यूजीआयएस की आर्कजीआयएस प्रो?

पाझर तलावांचे पॉलिगॉन, म्हणजे नकाशावर आखलेल्या त्यांच्या हद्दी, तयार आहेत, आता प्रत्येकाचा एकेक अक्षांश-रेखांश एक्सेलमध्ये हवाय. दोन्ही नकाशाची सॉफ्टवेअर; क्यूजीआयएस फुकट, आर्कजीआयएस प्रोला परवाना लागतो. ऑफिसात तो आधीपासून नसेल तर एवढ्या कामासाठी घेऊ नका.

असेल तर मात्र काम तिथेच लवकर उरकतं. ॲट्रिब्यूट टेबलात (लेयरच्या माहितीच्या तक्त्यात) 'डबल', म्हणजे दशांश प्रकारची दोन फील्ड (रकाने) जोडायची, फील्डच्या नावावर राइट क्लिक करून 'कॅल्क्युलेट जिऑमेट्री' उघडायचं, फॉरमॅट डेसिमल डिग्रीज आणि कोऑर्डिनेट सिस्टिम डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचीच अक्षांश-रेखांश पद्धत) निवडायची. लेयर यूटीएममध्ये (मीटरात मोजणाऱ्या पद्धतीत) असला तरी उत्तर अंशात येतं. क्यूजीआयएसमध्ये यालाच तीन पायऱ्या: व्हेक्टर मेनूतून 'सेंट्रॉइड्स', मग रिप्रोजेक्ट (डब्ल्यूजीएस ८४ मध्ये बदलणं), मग 'ॲड जिऑमेट्री ॲट्रिब्यूट्स'.

खरी गोम कोणता बिंदू काढायचा यात आहे. सेंट्रॉइड म्हणजे आकाराचा गुरुत्वमध्य. भरावाला बिलगून चंद्रकोरीसारखा पसरलेला तलाव असेल तर तो पाण्याबाहेर, शेजारच्या शेतात पडतो. बिंदू आतच हवा असेल तर आर्कजीआयएसमध्ये 'सेंट्रल पॉइंट' घ्या, क्यूजीआयएसमध्ये 'पॉइंट ऑन सरफेस'. क्यूजीआयएसमध्ये 'पोल ऑफ इनॅक्सेसिबिलिटी'ही आहे, म्हणजे हद्दीपासून सगळ्यात लांबचा आतला बिंदू. नकाशावर नाव टाकायला हा उत्तम. पण त्याचा टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, लेयरच्या एककात असतो आणि मुळात १ भरलेला असतो. लेयर अंशात असेल तर तो १ म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर! आधी यूटीएममध्ये बदला.

आर्कजीआयएसमध्ये पायथन भाषेत कोड लिहून काम करत असाल तर आणखी एक मेख आहे. तिथला 'सेंट्रॉइड' गुरुत्वमध्य बाहेर पडत असेल तर गुपचूप आतला लेबल पॉइंट (नाव टाकायची जागा) देतो. खरा हवा तर 'ट्रू सेंट्रॉइड' लिहावं लागतं. दोन सॉफ्टवेअरची उत्तरं नेमकी चंद्रकोरी तलावांवरच जुळत नाहीत, ती यामुळे.

यूटीएममध्ये बदलताना झोन, म्हणजे रेखांशाचा पट्टा, निवडावा लागतो. मराठवाडा जवळजवळ सगळा यूटीएम झोन ४३ मध्ये येतो, पण नांदेड जिल्ह्यातलं किनवट ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्यानं झोन ४४ मध्ये जातं. नांदेडचा डेटा हाताळताना हे ध्यानात ठेवा.

क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमधून आकडे काढत असाल तर नव्या फील्डचा प्रकार आपोआप पूर्णांक असतो, लातूरचं ७६.५८ मुकाट ७७ होऊन बसतं. दशांश प्रकार निवडा आणि सहा स्थळं ठेवा. तीनच ठेवली तर बिंदू ५० मीटरपेक्षाही जास्त सरकू शकतो, आणि छोट्या तलावाला तेवढं बाहेर पडायला पुरेसं आहे.

एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. गुगल मॅप्सला मात्र अक्षांश आधी लागतो. उलटं टाकलं तर लातूर थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात.

यादी पुढे पाठवण्याआधी 'सिलेक्ट बाय लोकेशन'नं तलावांच्या आतले बिंदू निवडा आणि निवड उलटी करा. जे उरतील ते बाहेर पडलेले. तेवढेच हातानं तपासा.