लेझर की इंजेक्शन? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यात, पडद्यावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढू लागल्या (डॉक्टर याला ‘आरओपी’ म्हणतात) आणि उपचाराची वेळ आली, की आईबापांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात.

लेझर जुना, भरवशाचा. पडद्याच्या कडेचा, रक्तवाहिन्या न पोचलेला भाग तो जाळतो. मग नव्या वाहिन्यांना चिथावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन कमी होतं. बहुतेकदा एकदाच करून भागतं. पण जाळलेला भाग कायमचा गेला, शिवाय पुढे जाड भिंगांचा चष्मा लागण्याची शक्यता जास्त.

डोळ्यात दिलेलं इंजेक्शन तेच प्रथिन थेट रोखतं. काही मिनिटांचं काम, आणि कडेचा पडदाही वाचतो. रोग अगदी मध्याजवळ, म्हणजे झोन १ मध्ये असेल तर माझा कौल इंजेक्शनला. २०११ सालच्या बीट-आरओपी चाचणीत बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनच्या औषधाने तिथेच लेझरला मागे टाकलं. मात्र औषध थोडं रक्तातही उतरतं, आणि रोग कित्येक आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. गावाहून पुनःपुन्हा तपासणीला येणं जमणारच नसेल, तर लेझर बरा.

अर्थात हे सगळं रोग वेळेत सापडला तर. भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचे असतात.