ऑटोमन कलेक्शन: मशिदीतले गालिचे की जमिनीतली खापरं?

म्युझियॉलॉजीच्या (संग्रहालयशास्त्राच्या) प्रोजेक्टला इस्तंबूल घ्यायचं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न हाच, तिथलं तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालय निवडायचं की शहरात खणून निघालेला ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानांच्या काळातला माल? जमवायच्या पद्धती पार वेगळ्या आहेत, म्हणून आधी तेच बघा.

संग्रहालय १९१४ ला सुरू झालं, सुलेमानिये मशिदीच्या अन्नछत्राच्या इमारतीत. मशिदी-दर्ग्यांतून गालिचे, टाइल्स चोरीला जात होत्या, मग वक्फच्या वस्तू एका छपराखाली आणल्या. १९८३ पासून ते इब्राहिम पाशाच्या वाड्यात आहे. गालिचे बघून डोळे निवतात खरंच, पण तारखेचा घोळ होतो, कारण मशिदीत पिढ्यानपिढ्या गालिच्यावर गालिचा अंथरलेला. मग नक्षीवरून अंदाज बांधायचा नाहीतर युरोपियन चित्रांत तसला गालिचा कधी दिसतो ते शोधायचं, 'होल्बाइन गालिचा' हे नाव चित्रकारावरूनच पडलंय.

आता खापरं. इस्तंबूलमधल्या सराचहानेला १९६४ ते ६९ खोदकाम झालं ते मुळात सहाव्या शतकातल्या बायझंटाइन (ऑटोमनांच्या आधीच्या साम्राज्यातल्या) चर्चचं, पण वरच्या थरातली ऑटोमन भांडीसुद्धा नीट जपून अभ्यासली गेली, आणि हे मला फार मोठं वाटतं, कारण एरवी वरचा थर म्हणजे 'अलीकडचं' म्हणून उकरून फेकून द्यायची सवय होती सगळीकडे. बुजवलेली विहीर किंवा कचऱ्याचा खड्डा सापडला की त्यातलं सगळं साधारण एका काळातलं धरता येतं, इझनिकच्या (तुर्कस्तानातलं नक्षीदार भांड्यांचं गाव) भांड्याचा तुकडा, स्वयंपाकाचं मडकं, मातीची चिलीम, आणि तंबाखू तिकडे साधारण १६०० च्या आसपास आला म्हणजे चिलीम निघाली की तो खड्डा त्यानंतरच बुजवलेला. गालिच्यावरून असं काही सांगता येत नाही.

इस्तंबूलमधल्याच येनीकापी भागाचं नाव मोठं, मार्माराय रेल्वेच्या कामात ३७ जहाजं निघाली, पण ती ५व्या ते ११व्या शतकातली, ऑटोमनसाठी तिकडे जाऊ नका.

टेक्स्टाइल किंवा डिझाइनवाले असाल तर गालिचेच घ्या. पण साधी माणसं कशात जेवत होती, काय ओढत होती हे शोधायचं असेल तर सराचहाने, मी तरी तेच घेईन. फक्त शहरात कोणीतरी नंतर गटार खणून थर कालवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक तुकडा कुठल्या खड्ड्यातला ही नोंद आधी तपासा, ती नसेल तर तो तुकडा प्रोजेक्टमध्ये घेऊच नका.