सारांशाशिवाय फॉकनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाईड आणि तयार सारांश बाजूला ठेवून, केवळ मूळ संहिता व एक वही यांच्या आधारे मी गेले काही महिने अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांची 'अ‍ॅज आय ले डाइंग' (१९३०) ही कादंबरी अभ्यासते आहे. एम.ए. किंवा नेटच्या तयारीसाठी ती हाती घेणाऱ्यांना या पद्धतीचा उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहिते.

कथानक छोटे आहे. मिसिसिपीतील बंड्रेन हे गरीब शेतकरी कुटुंब आईचे, म्हणजे अ‍ॅडीचे शव तिच्या इच्छेप्रमाणे जेफर्सन गावी पुरण्यासाठी खेचरांच्या गाडीतून नेते; वाटेत पूर आणि आग यांना तोंड द्यावे लागते. परंतु हे सारे ५९ प्रकरणांतून १५ निवेदक सांगतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर फक्त निवेदकाचे नाव असते.

मी प्रत्येक प्रकरणासाठी वहीत तीन रकाने आखले: निवेदकाने स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि निव्वळ अंदाजाने सांगितलेले. या रकान्यांचे मोल सुरुवातीलाच पटले. आई अखेरच्या घटका मोजत असताना डार्ल आणि ज्युएल हे दोन मुलगे लाकडाची खेप पोचवायला जातात. डार्लच्या प्रकरणात या खेपेचे तीन डॉलर मिळणार असल्याची आठवण तोच वडिलांना करून देतो. लगेच पुढच्या प्रकरणात कोरा टल ही शेजारीण नवऱ्याचा हवाला देऊन सांगते, की डार्ल आईला सोडून जायला तयार नव्हता आणि तीन डॉलरचा लोभ ज्युएलला व त्याच्या वडिलांना सुटला होता. त्याआधी ज्युएलचे एकुलते एक प्रकरण येऊन गेलेले असते, आणि त्यात आईजवळ दुसरे कोणी फिरकू नये इतका तीव्र हट्ट दिसतो. सारांशात यातले फक्त 'दोघे लाकूड पोचवायला गेले' एवढेच उरते. कोराचे विधान ऐकीवच्या रकान्यात लिहिले, की तिची श्रद्धाळू खात्री किती पोकळ पायावर उभी आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अ‍ॅडीच्या मृत्यूपाशी मात्र माझे रकाने अपुरे पडले. तो प्रसंग डार्ल सांगतो आणि तेव्हा तो घरापासून दूर आहे. हे पाहिलेले म्हणावे की कल्पिलेले, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. मला वाटते, डार्लचा अभ्यास या प्रश्नापासूनच सुरू करावा. त्याची १९ प्रकरणे मी नंतर सलग वाचली. पहिल्या प्रकरणात 'मी' म्हणून बोलणारा डार्ल शेवटच्या प्रकरणात, वेड्यांच्या इस्पितळात रवाना केला जात असताना, स्वतःविषयी तिऱ्हाईतासारखा 'डार्ल' असे म्हणू लागतो. क्रमाने वाचताना मध्ये इतर निवेदक आल्यामुळे हा बदल तुटक वाटतो, सलग वाचनात तो फार अस्वस्थ करतो.

ज्युएलचा खरा बाप कोण, हे बहुतेक सारांश पात्रपरिचयातच सांगून टाकतात. कादंबरीत ते अ‍ॅडीच्या एकमेव प्रकरणात, तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच पानांनी उलगडते, आणि पाठोपाठ धर्मोपदेशक व्हिटफील्ड कबुलीजबाबाची तयारी करून येतो व ती वारल्याचे कळताच गप्प राहतो. ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचण्याचा परिणाम आधीच उत्तर ठाऊक असलेल्या वाचकाला मिळणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अडचणीही आहेत. ग्रामीण दक्षिणेकडील बोली सुरुवातीला अडवते; मोठ्याने वाचल्यास बरीच सुटते. बंड्रेनांचा धाकटा मुलगा वार्डमन याच्या प्रकरणांत सर्वनामे कोणाला उद्देशून आहेत हे दोन-तीनदा वाचूनच लागते. शब्दकोश आणि मिसिसिपीचा नकाशा मी वर्ज्य मानले नाहीत. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर ही पद्धत पेलणार नाही. तशा वेळी निदान डार्ल, कोरा आणि अ‍ॅडी यांची प्रकरणे तरी मुळातून वाचावीत.