पेशंटला न बघता दारू सोडवणारी ओपीडी

‘दाखल करायची गरज नाही. पेशंटला कळणारही नाही. २१ दिवसांत दारू बंद.’ बेळगाव-खानापूर पट्ट्यात भिंतींवर, वडाप जीपच्या काचेवर, बाजारात हातात कोंबलेल्या चिठ्ठ्यांवर हे सगळ्यांनीच वाचलेलं असणार. यातलं पहिलं वाक्य खोटं नाही. दारूच्या बऱ्याच पेशंटना घरी ठेवून ओपीडीतून उपचार देता येतात, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतात. लबाडी आहे ती दुसऱ्या वाक्यात. माझ्या ताईचे अठरा हजार रुपये त्याच वाक्यापायी गेले, आणि दाजी जाता जाता राहिले.

ताईचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या अंगाला. दाजी गवंडी. हात चांगला, माणूस वाईट नाही, पण २००७ साली कर्नाटकात पाकिटातली देशी दारू म्हणजे अ‍ॅरॅक बंद झाली तेव्हापासून ते स्वस्त व्हिस्कीवर आले आणि तिथेच राहिले. आता नव्वद मिलीचं टेट्रा पॅक खिशात मावतं, कामावर जाता जाता रिकामं होतं. शिवाय चोर्ल्याच्या वाटेनं गोव्याची बाटली कुणी ना कुणी आणून देतंच. दाखल करायचं म्हटलं की दाजी म्हणायचे, ‘मी काय वेडा हाय?’ आणि ताईला रोजगार बुडायची भीती. त्यामुळे ‘दाखल करायची गरज नाही’ हे वाचून तिला हायसं वाटलं नसतं तरच नवल.

चिठ्ठीवरचा पत्ता बेळगावचा होता. दुकानांच्या वर दोन खोल्या, बाहेर मोठ्या अक्षरांत ‘ओपीडी’, आत पांढरा कोट घातलेला एक पोरगा. ताई एकटीच गेली होती. दाजींना घेऊन येते म्हणाली तर तो म्हणाला, ‘पेशंटला कशाला आणताय अक्का? बिथरतोय तो. तुम्ही फक्त ही पुडी आमटीत घाला, बाकी आमच्यावर सोडा.’ डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर ‘मोठे डॉक्टर कोल्हापूरहून येतात’. ते मोठे डॉक्टर ताईला कधी दिसले नाहीत. रक्त तपासणी नाही, बीपी नाही. दाजी किती वर्षं पितात, लिव्हरचा काही त्रास आहे का, छातीत कधी दुखलंय का, कसलाच प्रश्न नाही. प्रश्न एकच: घरात कमावतं कोण?

तरी ताई भोळी नाही. सरकारमान्य आहे का, हे तिनं विचारलं होतं. पोरानं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. नंतर मी गेलो तेव्हा ती चौकट जवळून पाहिली. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. आमच्या मालकाच्या टेबलामागे अगदी तसलाच कागद टांगलेला आहे. तो उद्यम नोंदणीचा दाखला. लहान धंद्यासाठी कुणीही ऑनलाइन भरावा आणि फुकट मिळवावा. त्यावर बोल्ट तयार करता येतात, पापड लाटता येतात. दवाखाना चालवता येत नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्याला केपीएमई कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते आणि तिचा दाखला दर्शनी लावावा लागतो. मी तो नंबर मागितला तर पोरगा म्हणाला, ‘आमचं आयुर्वेदिक हाय, आमाला लागत न्हाई.’ हेही धादांत खोटं. तो कायदा आयुर्वेदिक दवाखान्यांनाही लागू आहे. पुडीवर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना बॅच, ना परवाना क्रमांक. आयुर्वेदिक औषधावरही हे सगळं छापावंच लागतं.

सीमाभागातल्या, म्हणजे महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांतल्या, माणसाला गळ कुठला लावायचा हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ‘तुमचं गाव ८६५ मध्ये हाय न्हवं? मग महाराष्ट्राच्या योजनेतनं पैसे परत मिळतात.’ झालं. ताईनं आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स दिल्या, वर ‘फाइल चार्ज’ म्हणून दीड हजार. महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना या ८६५ गावांना लागू केली हे खरं. पण ती योजना ठरलेल्या रुग्णालयात ठरलेले उपचार बिनपैशांत मिळण्याची आहे. आधी कुणा माळ्यावरच्या खोलीत पैसे भरा, मग परत घ्या, असं तिच्यात काही नाही. आणि पुडीची ओपीडी तर त्यात बसण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या गावाच्या प्रश्नावर साठ-सत्तर वर्षं पुढाऱ्यांनी दुकान मांडलं. आता हे पुडीवाले.

बाकीचे पैसे तीन हप्त्यांत फोनवरून गेले, ते केंद्राच्या नावावर नव्हे, एका माणसाच्या खात्यावर. पावती मिळाली तिच्यावर ‘साहित्य’ एवढंच लिहिलेलं, आणि पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला.

पुड्या सुरू झाल्यावर पहिले दिवस दाजी बाहेरगावच्या कामावर होते, पगार अडकलेला, म्हणून पिणं जवळजवळ नव्हतं. ताईला वाटलं गुण आला. तिनं तसं फोनवर कळवलंही, आणि पोरानं लगेच पुढचा हप्ता मागितला. मग स्लॅब घालून झाला, पगार झाला, दाजी पिऊन घरी आले आणि अर्ध्या तासात उंबऱ्यातच कोसळले. तोंड लालभडक, डोळे तांबारलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी, उलटीवर उलटी. गावात कुणीतरी लिंबू चोळा म्हणालं, कुणी करणी म्हणालं. पोरानं फोन उचलला आणि सांगितलं, ‘औषध काम करतंय. आता दारूची घाण वाटणार बघा.’

खानापुरातून त्यांना बेळगावच्या सिव्हिलला हलवलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी तोंडाकडे बघूनच ताईला विचारलं, ‘यांना न सांगता काही देत होता का?’ ताईनं कमरेची पिशवी उघडून पुड्या टेबलावर ठेवल्या. बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. सलाईन, ऑक्सिजन, रात्रभर मॉनिटर, आणि दाजी वाचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला समजावलं ते इथे सांगतो, कारण सगळा खेळ त्यातच आहे. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य करतं आणि मग एका एन्झाइमच्या मदतीनं ते पुढे मोडून टाकतं. डायसल्फिराम नावाची जुनी गोळी आहे, ती हे एन्झाइमच बंद पाडते. मग थोडी दारूही विष साठवते: चेहरा पेटतो, डोकं फुटतं, छाती धडधडते, बीपी खाली जातं. हृदय कमजोर असलं तर माणूस मरूही शकतो. दाजींची सगळी लक्षणं तीच होती. हे औषध बेकायदा नाही, चांगले डॉक्टरही देतात. पण पेशंटला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून, आणि शेवटच्या घोटाला निदान बारा तास उलटल्यावर. गोळी बंद केली तरी तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून पिणाऱ्याला ती पोटात आहे हे माहीत असणं हाच तिचा अर्धा उपयोग. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, तेसुद्धा टाळावं लागतं. जे आपण खातोय हेच ज्याला माहीत नाही, तो काय टाळणार? मेडिकलमध्ये ही गोळी काही रुपयांना मिळते. ती कुटून ‘जडीबुटी’ म्हणून हजारांत विकायची, हा यांचा शोध.

आणि उलट बाजूही आहे. पुडीच्या भीतीनं कुणी रोजची दारू एका दिवसात तोडली तर तेही धोक्याचं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळतो, त्याला नसलेलं दिसायला लागतं. त्यातही मरण येतं. पेशंटला न बघता ओपीडी चालवणाऱ्याला हे कळणार कसं?

खरी ओपीडी कशी असते ते दाजी तिथून सुटताना पाहिलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेर बसवून आधी दाजींशीच बोलणं केलं. सकाळी उठल्यावर हात कापतात का, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, घरी लक्ष ठेवायला कोण आहे. फिटचा इतिहास असता, भास झालेले असते किंवा घरात कुणी नसतं तर दाखल केलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दाजींचं तसं काही नव्हतं. मग थरथर आणि फिट टाळायला क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, दर दिवशी कमी करत न्यायच्या, त्याही थोड्याच दिवसांच्या आणि ताईच्या हातात. बी-वन जीवनसत्त्व. लिव्हरचा रिपोर्ट आल्यावर तल्लफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन. प्रत्येक गोळीचं नाव चिठ्ठीवर. २१ दिवसांची हमी कुणी दिली नाही. उलट, ‘मधे कधी प्यायलात तर लपवू नका, तसेच या,’ असं सांगितलं. गणपतीत दाजी घसरले आणि खरंच तसेच गेले. यात नवं काही नाही म्हणे, दवाखान्यात रोज बघतात.

हे सगळं जवळ असूनही लोक माळ्यावरच्या खोल्यांत का जातात? एम्सनं केलेली देशभराची पाहणी २०१९ मध्ये छापून आली. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं तिच्यात आहे. उरलेले ३७ जण पुडीवाल्यांचं गिऱ्हाईक. आपल्याकडे बेळगावात सिव्हिल आहे, धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. विचारायचं कुणाला ते कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही फुकट.

पैशांचं म्हणाल तर एक रुपया परत आलेला नाही. दवाखान्यातून पोलिसांत वर्दी गेली, मी जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांकडे लेखी दिलं, त्यानंतर आठवड्याभरात खोल्यांना कुलूप लागलं. पावतीवरचा पत्ता महाराष्ट्रातला, म्हणून ‘केस तिकडे घाला’ असं एकदोघांनी सुचवलं. तसं काही नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. आम्ही बेळगावातच दाखल केली. सोबत पुड्यांचे फोटो, फोनवरच्या हप्त्यांच्या नोंदी, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि चौकटीतल्या त्या दाखल्याचा फोटो.

निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागातही अशाच चिठ्ठ्या वाटल्या जातात असं ऐकतोय, नाव वेगळं, २१ दिवस तेच. कुणाच्या घरी वर कोल्हापूर जिल्ह्याचा पत्ता आणि खाली नुसतं ‘साहित्य’ लिहिलेली पावती असेल, तर लाजेनं फाडू नका आणि फोनवरचे मेसेज पुसू नका. पुडी उरली असेल तर ती चुलीत न घालता बंद डब्यात ठेवा आणि तारीख लिहा. पेशंटला मात्र आजच सांगा की त्याच्या पोटात काय गेलंय, आणि पुढचे दोन आठवडे दारूचा थेंबही का चालणार नाही. रोज पिणारा असेल तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.