बेळगावात कंपनीचं स्नेहसंमेलन: डिसेंबर की जानेवारी?

उद्यमबाग किंवा मच्छेतल्या कारखान्याला दोनेकशे माणसांचा हिवाळी कार्यक्रम करायचा असेल, तर कुठला हॉल हा प्रश्न नंतरचा. आधी तारीख. ती चुकली की हॉल, खोल्या, आचारी, बस सगळंच अडतं.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा बहुतेकांच्या मनात असतो. वर्ष संपत आलेलं असतं, थंडी बेताची असते. पण याच सुमारास हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. २०२२ मध्ये ते १९ डिसेंबरला सुरू झालं, २०२३ मध्ये ४ ला, २०२४ मध्ये ९ ला. तारीख दरवर्षी सरकते आणि पक्की होते ती उशिरा, त्यामुळे आधी ठरवणाऱ्याला अंदाजच बांधावा लागतो. मंत्री, आमदार, अधिकारी, बंदोबस्ताचे पोलीस यांच्यासाठी लॉज आणि हॉटेलं भरतात. पुण्याहून किंवा बेंगळूरहून साहेब येणार असतील तर खोलीच मिळत नाही. त्यात तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, म्हणजे मंगल कार्यालयंही गेलेली.

१६ डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो आणि संक्रांतीपर्यंत चालतो. या काळात कन्नड घरांत लग्नं होत नाहीत. मराठी घरं पौष पाळतात. दोन्ही एकावर एक आले की हॉलवाला भावाचं बोलायला तयार असतो. मात्र अधिक महिन्याच्या वर्षी पौष पुढे जातो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पौष थेट जानेवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्यात लागतो, तेव्हा पंचांग उघडूनच तारीख धरा. नाताळ ते नववर्ष हे दिवस सोडा. चोर्ला घाटातून गोव्याकडे रीघ लागते, टेम्पो ट्रॅव्हलर आणि साउंडवाले तिकडेच असतात.

आमच्या मते ५ ते १२ जानेवारी हा काळ सर्वांत सोयीचा. अडचणी दोन. पहिले तीन-चार दिवस अकाउंट्सची माणसं तिमाहीच्या हिशेबात गुंतलेली असतात. दुसरी अडचण दवाची: उघड्या लॉनवर रात्री साउंडच्या मिक्सरवर आणि वायरींवर ओल धरते, मग आवाज खरखरतो. साउंडवर छप्पर हवंच. जेवण साडेसातला वाढा, नाहीतर भात थंड आणि माणसं शाल शोधत. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा नियमच आहे. जमलं तर दुपारचाच कार्यक्रम करा, दुसऱ्या पाळीवाल्यांनाही आधी जेवून कामावर जाता येतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेची पौर्णिमाही टाळा, तेव्हा बस मिळणं अवघड.

तयारी कधी सुरू करायची? गणपतीआधी हॉल आणि खोल्या धरल्या तर निवड तुमच्या हातात राहते. ‘दिवाळी झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांनी २०२६ चं कॅलेंडर पाहावं: लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे डिसेंबरच्या कार्यक्रमाला चारेक आठवडेच. दिवाळीनंतर सुरुवात करून जानेवारीचा कार्यक्रम कसाबसा जमतो, डिसेंबरचा नाही.

हेड ऑफिसने डिसेंबरच धरला असेल, तर खोल्या आधी आणि हॉल नंतर घ्या. आगाऊ रक्कम देताना पावतीवरच लिहून घ्या, की अधिवेशनामुळे तारीख बदलली तर पैसे पुढच्या तारखेला वळते होतील. तोंडी शब्दावर राहिलं की वाद होतो. आचाऱ्याला ताटांचा पक्का आकडा चार दिवस आधी द्या, पाळीनिहाय यादी करून.