बर्डीचा स्पोकन इंग्लिश क्लास: नऊ वर्षांनी 'असतं तर'चं इंग्लिश जमलं

मी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे, दिवसभर मेल लिहिणं हेच काम. इंग्लिश तसं बरं आहे माझं, पण होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल "तसं केलं असतं तर" असं लिहायची वेळ आली की गाडी अडायचीच. "इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड अस अर्लियर, वी वुड हॅव..." असं मी नऊ वर्षं लिहून राहिली होती आणि कोणी टोकलंही नाही. यंदा अप्रेझलमध्ये टीम लीडने नेमक्या त्याच वाक्याखाली रेघ मारून दाखवली, रागावले नाही पण मला फार लागलं. मग मैत्रिणीने सांगितलं म्हणून हा क्लास लावला.

बर्डी मेट्रो स्टेशनवरून पायी सात-आठ मिनिटं, गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला. सातची बॅच नोकरीवाल्यांची. दोन महिन्यांचे ४,८०० रुपये, आठवड्यातून तीन दिवस.

याच्या आधी एका ठिकाणी मी तीन महिने घालवले होते, नाव नाही घेत. तिथे बोर्डवर "इफ अधिक हॅड अधिक व्हर्बचा थर्ड फॉर्म" लिहिलं, गाळलेल्या जागांचा कागद दिला, झाला धडा. कागदावर माझे सगळे बरोबर यायचे, पण तोंड उघडलं की परत वुड हॅव, वुड हॅव. कुठे चुकते तेच कळायचं नाही.

इथे सरांनी बोर्डवर आधी मराठीच लिहिलं: "पाऊस थांबला असता तर आम्ही निघालो असतो." आणि 'असता', 'असतो' दोन्हीखाली रेघ. म्हणाले, बघा, मराठी दोन्हीकडे एकच शब्द वापरते, म्हणून तुम्ही दोन्हीकडे वुड हॅव टाकता, अभ्यास कमी पडला म्हणून नाही. इंग्लिशमध्ये दोघांचे कपडे वेगळे, इफवाल्याला हॅड, दुसऱ्याला वुड हॅव. इफ द रेन हॅड स्टॉप्ड, वी वुड हॅव लेफ्ट. आणखी एक सांगितलं जे मला कधी सुचलंच नसतं, की आपण बोलताना 'जर' खाऊन टाकतो आणि 'तर' ठेवतो, इंग्लिश उलटं करते, इफ ठेवते आणि 'तर' सोडून देते. म्हणजे आपण ज्या शब्दाला धरून वाक्य तोलतो तोच तिकडे गायब. म्हणून त्यांनी दोन आठवडे आम्हाला मराठीतही 'जर' मोठ्याने म्हणायला लावलं, जर म्हटलं की हॅड. ऐकायला साधं वाटते पण माझं तोंड त्यानेच वळलं.

मग 'असेल' आणि 'असता'. "तो निघाला असेल तर फोन कर", इथे निघाला की नाही माहीत नाही, म्हणून इफ ही हॅज लेफ्ट. "निघाला असता तर", म्हणजे निघालाच नाही, म्हणून इफ ही हॅड लेफ्ट. एवढा फरक आपल्या मराठीत आधीपासून आहे, मला इतकी वर्षं कोणी दाखवला नाही.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य आणायचं होतं. मी २३ सप्टेंबर २०२३ चं आणलं. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीला पूर आला, आमचं घर अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर. आईची शिलाई मशीन, गादी, फ्रिज सगळं पाण्यात, पण बाकी सगळं परत घेता आलं. बाबांच्या फोटोंचा अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता, बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी लिहिलं, इफ वी हॅड केप्ट द अल्बम अपस्टेअर्स, वी वुड हॅव सेव्ह्ड द फोटोज. सरांनी वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाही. मग म्हणाले, वाक्य बरोबर आहे बेटा, पण तुला फोटो वाचले असते असं म्हणायचं आहे की आज आपल्याजवळ असते असं? मी म्हटलं, आज असते. तर मग दुसऱ्या भागात नुसतं वुड, वी वुड स्टिल हॅव बाबाज फोटोज. हे हॅव म्हणजे जवळ असणं. मराठीतच बघायचं, 'वाचले असते' असं जोडून आलं तर वुड हॅव सेव्ह्ड, एकटं 'असते' आलं आणि गोष्ट आजची असली तर नुसतं वुड. हे मी आता जन्मभर विसरणार नाही.

ऑफिसात सगळ्यात कामी आलं ते 'हॅड' पुढे आणून इफ काढून टाकणं. "इफ यू हॅड इन्फॉर्म्ड अस" म्हटलं की कस्टमरला वाटते आपल्यावरच ढकलून राहिले. आता मी 'यू'च्या जागी 'वी' घेते आणि लिहिते, हॅड वी रिसीव्ह्ड युवर मेल ऑन फ्रायडे, वी वुड हॅव शिप्ड इट. व्याकरणही बरोबर आणि बोट कोणाकडेच नाही. सर हेही सांगतात की अमेरिकेत बोलताना पुष्कळ लोक सर्रास "इफ आय वुड हॅव" म्हणतात, ऐकलं तर गडबडू नका, पण लिहिताना ती चूकच धरली जाते. आणि वुड हॅवचं बोलण्यात 'वुडव' होते म्हणून त्यांच्यातलेच काही जण 'वुड ऑफ' लिहितात, ते तर मुळीच उचलू नका.

कमी काय ते पण सांगते. बॅचमध्ये २५ जण, त्यामुळे बोलायला पाळी येईपर्यंत अर्धा तास जाते, १५ च्या वर घ्यायलाच नको. ऐकण्याचा सराव फारच कमी आहे, आय'ड म्हणजे आय हॅड की आय वुड हे कानाला ओळखायला अजून दोन तास तरी हवे होते. मे महिन्यात एकच कूलर, मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे हाल. गाडी लावायला जागा नाही, मेट्रोनेच या.

डेमो फ्री आहे. जाल तेव्हा वहीत स्वतःचं एक "असतं तर" मराठीत लिहून न्या, सर पहिल्या दिवशी तेच मागतात.